सत्याहत्तर रिमोट आणि ठाण्याला गेलेला एक

जव्हार, जिल्हा ठाणे
गुरुवार, १२ नोव्हेंबर २००९

जनाब अतहरभाई यांना अन्वरचा अदबीनं सलाम. भाभींनाही सलाम, आणि घरातल्या लहानांना दुआ.

अल्लाच्या मेहरबानीनं इकडे सगळे खुशाल आहेत. शकिलाचे गुडघे कुरकुरतात आणि मला जवळचं दिसत नाही, म्हणजे ज्याचं जे जास्त वापरलं गेलं तेच बिघडलं आहे. तुमची साखर किती असते ते भाभी फोनवर शकिलाला सांगतात आणि शकिला मला सांगत नाही. (तुमची कुठलीच गोष्ट माझ्यापर्यंत येऊ द्यायची नाही असं तिनं आठ वर्षांपूर्वी ठरवलं, आणि ठरवलेलं ती मोडत नाही, हे भाऊ म्हणून तुम्हाला माझ्याआधीपासून माहीत आहे.) पण ज्या दिवशी आमच्या चहात साखर कमी पडते त्या दिवशी मी समजतो की ठाण्यात वाढली असणार. पत्र मराठीत लिहितो आहे, कारण तुमचं उर्दू पक्कं आणि माझं तिसरीत सुटलेलं. शिवाय आपण दोघं जव्हारच्या एकाच शाळेत शिकलो. फरक इतकाच की पास झाल्यावर तुम्ही ठाण्याला टीव्ही कंपनीच्या सर्व्हिस सेंटरात लागलात आणि मी इथेच दुरुस्तीचं दुकान टाकलं.

पत्राचं कारण आनंदाचं आहे आणि मोठं आहे. पण ते आधी सांगितलं तर तुम्ही तेवढंच वाचून चष्मा काढून ठेवाल, म्हणून क्रमानं सांगतो. तुमची भाची आसमा हिच्या कामाचा विषय आहे, तिचं गेल्या दोन महिन्यांतलं सगळं पणाला लागलं होतं, आणि त्यात माझ्या दुकानाचा हात आहे. (हो, त्याच दुकानाचा.)

त्यासाठी आठ वर्षांपूर्वीच्या त्या दुपारपासून सुरुवात करावी लागेल. तो विषय काढणार नाही असं मी शकिलाला वचन दिलं आहे, म्हणून थोडक्यातच काढतो. तुम्ही आमच्याकडे सामना बघत बसला होतात. शेवटचे सहा चेंडू राहिले होते, खोलीत शेजारपाजारचे चौदा लोक. तुम्ही आवाज वाढवायचं बटण दाबलंत आणि टीव्ही बंद झाला. मी ओरडून सांगत होतो की चालू करायला पाच नंबर दाबा, पण तुम्ही कंपनीचे माणूस. चालू करायचं बटण लाल असतं हे तुम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं, तुम्ही लालच दाबत राहिलात. शेवटी टीव्ही लागला तेव्हा मैदानावर खेळाडू एकमेकांशी हस्तांदोलन करत होते. मग तुम्ही चौदा माणसांसमोर म्हणालात की अन्वर, हे दुकान नाही, भंगार आहे, आणि माझी बहीण त्यात राहते. मी काहीच बोललो नाही. (शकिला म्हणते मी बरंच बोललो. मला आठवत नाही.) तुम्ही संध्याकाळच्या एसटीनं गेलात आणि रागाच्या भरात आमचा रिमोट तुमच्या शर्टाच्या खिशातच गेला. त्यानंतर तुम्ही या घरात पाणी प्यायला आला नाहीत.

आता तो रिमोट तसा का होता हे तुम्ही त्या दिवशी ऐकून घेतलं नाहीत, ते आज ऐका. आपल्या डोंगरात रिमोट दोन तऱ्हांनी मरतो. एक, तो पडतो आणि बॉडी फुटते. दोन, चुलीचा धूर आणि ओल लागून आतलं बोर्ड जातं. कंपनीचा नवा मागवावा तर मोखाड्याच्या माणसाला त्यासाठी ठाण्याला तुमच्या काउंटरवर यावं लागतं, आणि तुम्ही त्याला पावती मागता. म्हणून मी एकाची धड बॉडी आणि दुसऱ्याचं धड बोर्ड घेऊन, मधलं रबर कापून-बसवून, तिसरा रिमोट उभा करतो. तो टीव्ही चालवतो. फक्त वर जे छापलेलं असतं त्याचा आणि आत जे होतं त्याचा संबंध राहत नाही. म्हणून चौऱ्याण्णव सालापासून मी एक वही ठेवली आहे. प्रत्येक जोडलेल्या रिमोटला नंबर, बॉडी कुठली, बोर्ड कुठलं, कुठल्या गावाला गेला, आणि कुठलं बटण काय करतं. गावातला माणूस विसरला की बाजाराच्या दिवशी येऊन विचारून जातो. तुमच्या खिशातून गेलेला तो वहीतला नंबर एक. माझ्या हातचा पहिला.

आता आसमा. तिनं पुण्याला इंजिनिअरिंग केलं हे तुम्हाला माहीत आहे. ती तिथेच एका लहानशा कंपनीत लागली आहे, ते कॉम्प्युटरमधून टीव्ही दाखवणारं एक यंत्र बनवतात. लिनक्स नावाची एक प्रणाली आहे, तिच्यावर कॉम्प्युटर चालतो. ती कुणा एकाच्या मालकीची नाही, जगभरातली माणसं ती लिहितात आणि एकमेकांच्या चुका काढतात. (मी विचारलं की मग भांडणं होत नाहीत का. आसमा म्हणाली, अब्बा, भांडणातूनच ती तयार होते. मला तेव्हाच वाटलं की आपल्या घरची मुलगी तिथे टिकणार.) तिच्या अगदी आतल्या गाभ्याला कर्नेल म्हणतात. बाहेरची कुठलीही वस्तू कॉम्प्युटरला जोडली की तिच्याशी बोलणारा एक तुकडा त्या गाभ्यात लागतो, तो ड्रायव्हर. आसमानं रिमोटचे इशारे पकडणाऱ्या डोळ्याचा ड्रायव्हर लिहिला. तुम्हाला तो डोळा काय सांगायचा, टीव्हीच्या पुढच्या पट्टीमागचा तो तीन पायांचा काळा तुकडा. रिमोट त्याला न दिसणाऱ्या उजेडाची उघडझाप पाठवतो, इतका वेळ उजेड, इतका वेळ अंधार, आणि त्यावरून एक आकडा तयार होतो. तो आकडा म्हणजे आवाज वाढव की चॅनेल बदल, हे एका तक्त्यात लिहिलेलं असतं. इथपर्यंत आपलीच विद्या आहे.

खरा कस पुढे आहे. ड्रायव्हरनं वरच्या प्रोग्रामशी कसं बोलायचं, काय सांगायचं, काय स्वतःकडे ठेवायचं, बाहेरच्याला कशात हात घालू द्यायचा, हे आधी ठरवावं लागतं. त्याला ते इंटरफेस म्हणतात, मी दार म्हणतो. आणि तिथला कायदा असा की एकदा बाहेरच्यांना दार करून दिलं की ते परत बुजवता येत नाही. त्या दारातून ये-जा करणारे प्रोग्राम जगभर तयार होतात, ते कुणी मोडायचे नाहीत. म्हणून नवं दार मागणाऱ्याला तिथले राखणदार फार पिळतात. राखणदार म्हणजे ज्या माणसानं हो म्हटल्याशिवाय एक ओळ आत जात नाही असा माणूस.

आसमाच्या पहिल्या मसुद्यात असं कुठलं दारच नव्हतं. तक्ता ड्रायव्हरच्या पोटात पक्का लिहिलेला. डब्यात यंत्राबरोबर जो रिमोट येतो तेवढाच तो ओळखणार. ती रमजान ईदला घरी आली तेव्हा तिचा जुना लॅपटॉप आणि काडेपेटीएवढा तो डोळा घेऊन आली, आमच्या टीव्हीला तार जोडली, आणि अम्मीला दाखवायचं म्हणून माझ्या दुकानातला हाताला लागेल तो रिमोट उचलून दाबला. काहीच नाही. दुसरा उचलला. काहीच नाही. तिसऱ्यानं आवाजाच्या बटणावर चॅनेल बदललं. मग लेकीचा पारा चढला (तो तिच्या आजोळचा आहे, माझ्याकडे असं काही नाही) आणि म्हणाली, अब्बा, तुमचे रिमोट चालत नाहीत, आणि चालतात ते खोटं बोलतात.

अतहरभाई, असलं वाक्य मी त्या खोलीत दुसऱ्यांदा ऐकत होतो. पण या वेळी मी शांत राहिलो. मी विचारलं, तुझ्या डोळ्याला उजेड दिसला का? म्हणाली, दिसला, पण तो आकडा तक्त्यात नाही म्हणून ड्रायव्हरनं सोडून दिला. मी म्हटलं, म्हणजे दुकानात गिऱ्हाईक आलं, बोललं, आणि मी ओळखत नाही म्हणून ते आलंच नाही असं धरायचं? आणि रिमोट खोटं बोलत नाही. बोर्ड आपला आकडा इमानानं पाठवतं. खोटं बोलते ती बॉडी, आणि बॉडी मी बसवलेली आहे, वहीत लिहून. तिनं वही मागितली. ईदचा शीरखुर्मा थंड झाला, शेजारणी येऊन गेल्या, ही पोरगी वही वाचत बसली. मग म्हणाली, अब्बा, हे तर सगळे तक्तेच आहेत. मी म्हटलं, मग काय वाटलं तुला, वाणसामान?

परत जाऊन तिनं सगळं नव्यानं लिहिलं. ड्रायव्हरनं दिसलेला आकडा वर सांगायचाच, ओळखीचा असो नसो. आणि तक्ता बाहेर काढायचा, यंत्र चालू असताना घरातल्या माणसाला तो बदलता येईल असं दार करायचं. तिनं ते राखणदाराकडे पाठवलं आणि तिसऱ्या दिवशी त्यांचं उत्तर आलं. परदेशातले कुणी बुजुर्ग आहेत, भाषा नम्र, पण मजकूर असा: काम स्वच्छ आहे, पण हे दार कशाला? लोक यंत्राबरोबर आलेलाच रिमोट वापरतात. एक यंत्र, एक रिमोट. ज्या दाराची कायमची राखण करायची त्याला तसं कारण हवं. तीन आठवड्यांनी या खेपेचं घेणं बंद होईल, तोवर गरज दाखवा, नाहीतर तक्ता आतच राहू द्या. आसमानं फोनवर मला ते मराठीत सांगितलं आणि मी पहिली गोष्ट विचारली ती ही, की हे गृहस्थ ठाण्याला असतात का.

तिच्या कंपनीत कुणाला त्या दाराची पडलेली नव्हती. साहेब म्हणाले, तक्ता आत ठेव आणि मोकळी हो. पण तिनं ठरवलं होतं की आपल्या डोंगरातला रिमोट चालणार नसेल तर तो ड्रायव्हर स्वतःच्या नावानं जायला नको. मला म्हणाली, अब्बा, मला दाखले हवेत. खरे रिमोट, खरी माणसं, प्रत्येक बटणाचा आकडा. नंबर दोनपासून अठ्ठ्याहत्तरपर्यंत, सत्याहत्तर रिमोट. मी म्हटलं, झालंच समज. लॅपटॉप आणि डोळा ती ईदला आमच्याकडेच ठेवून गेली होती, नवा ड्रायव्हर तिनं सीडीवर घालून पोस्टानं पाठवला.

त्या दिवशीपासून आम्ही कामाला लागलो. दुकानाच्या पाटीखाली पाटी लावली की जव्हारच्या अन्वरनं जोडलेला रिमोट ज्याच्याकडे असेल त्यानं तपासायला आणावा, सेल नवे घालून मिळतील. तीन बाजार झाले आणि पिशव्या भरल्या. कुणी रिमोट प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला, कुणी रबर लावून बांधलेला, एकाच्या आत नाचणीचं पीठ इतकं बसलेलं की एक बटण दाबलेलंच राहिलं होतं आणि डोळ्यासमोर धरल्यावर तो आकडा थांबेचना. (आसमाला सांगितलं तर ती खूश. म्हणाली, बटण सुटलं हे रिमोट कधीच कळवत नाही, ते गप्प बसण्यावरून ओळखायचं असतं, हा दाखला मला हवाच होता. ते पीठही तिला पाठवणार होतो, शकिलानं अडवलं.) दुकानातल्या ट्यूबचा चोक खराब होता, ती लागली की डोळ्याला भलतेच आकडे दिसायचे. ड्रायव्हरनं असला कचरा गाळला पाहिजे हे तिला मी सांगितलं. चोक बदलू नका, असं तिनं मला सांगितलं. चोक खराब ठेवल्याबद्दल शाबासकी मिळालेला मी पहिला मेकॅनिक असेन.

आकडे आसमाला फोनवर सांगायचे, आणि घरात सिग्नल धड मिळत नाही, म्हणून मी रोज चार वाजता शिरपामाळावर जात असे. तिथे राजांच्या मुक्कामाची जागा बघायला बाहेरची माणसं येतात. त्यांच्यासमोर मी एका हातात वही लांब धरून मोठ्यानं आकडे वाचायचो. या आकड्यांत नवाच्या पुढे ए ते एफ अशी अक्षरंही लागतात, तेव्हा मोखाडा अकरा, शून्य चार, एक एफ, दाभोसा बारा, शून्य चार, दोन बी, असं चाललेलं. पाचव्या दिवशी एक हवालदार बाजूला येऊन उभा राहिला. त्यानं पाऊण तास ऐकलं आणि मग खांद्यावर हात ठेवला. त्याचं म्हणणं, हा मटक्याचा आकडा आहे आणि गावागणिक लागतो आहे. मी वही दाखवली. ती दाखवायला नको होती, कारण वहीत गावं होती, नंबर होते, माणसांची नावं होती आणि समोर खुणा होत्या. त्यानं मला चौकीवर बसवलं. निरोप गेला तशी शकिला आली, रिमोटची पिशवी घेऊन. तिनं हवालदाराचाच मोबाइल मागितला, त्याचा कॅमेरा चालू केला आणि रिमोट त्याच्यासमोर धरून दाबला. नुसत्या डोळ्याला न दिसणारा उजेड कॅमेऱ्यात लुकलुकायला लागला. हवालदार बघतच राहिला. एकेक करून सगळी पिशवी दाबून बघितली त्यानं. दुसऱ्या दिवशी घरचा रिमोट घेऊन दुकानात आला, तो आता वहीत एकोणऐंशी नंबर आहे, पण नंतरचा असल्यामुळे मोजणीत धरलेला नाही.

सगळे आले, फक्त वांगणीचा एक राहिला. नंबर चव्वेचाळीस. वांगणीच्या एका पाड्यावर टीव्ही एकच, समाजमंदिरात, आणि त्याचा रिमोट गोजाबाईंच्या गळ्यात. हे मी शब्दशः सांगतो आहे. टीव्हीच्या कपाटाची किल्ली आणि रिमोट एका दोरीत ओवून त्यांनी गळ्यात घातला आहे, टीव्ही कधी लागेल आणि काय लागेल ते त्या बघतात. गळ्यातून काढून रिमोट जव्हारला पाठवायला त्यांनी साफ नकार दिला, म्हणून डोळ्यालाच वांगणीला न्यायचं ठरलं. मुदतीला दोन दिवस उरले होते. आम्ही दोघं जीपनं निघालो. आता जीपमध्ये माणसं विचारतात, हे काय आहे. आपली मुलगी, आपलं काम, मी लॅपटॉप उघडून थोडं दाखवलं. रस्ता कसा आहे ते तुम्हाला माहीत आहे, जीप वावर गावापर्यंतच तीनदा थांबली, दर थांब्याला नवी माणसं बसली, त्यांनाही दाखवलं. वांगणीला उतरलो तेव्हा लॅपटॉपमध्ये अकरा मिनिटं उरली होती आणि गावात वीज नव्हती. शकिलानं माझ्याकडे बघितलं. तुम्ही तिचे भाऊ आहात, ते बघणं कसं असतं ते मी लिहीत नाही.

गोजाबाई ओट्यावर बसल्या होत्या. रिमोटवरची अक्षरं केव्हाच पुसली गेलेली, दोन बटणांवर कुंकू लावलेलं, एक चालू-बंदचं आणि एक आवाजाचं. मी त्यांना इंटरफेस म्हणजे काय ते समजावून सांगायला सुरुवात केली तर शकिलानं मला गप्प बसवलं, डोळा त्यांच्या पुढ्यात धरला आणि म्हणाली, बाई, एकेक दाबत जा आणि कुठलं कशाचं ते सांगा. त्या दाबत गेल्या, ही लिहीत गेली. तेविसावं बटण झालं आणि लॅपटॉप विझला. चोवीस बटणं होती. गोजाबाई म्हणाल्या, "ता नको लिवूस. त्याचा काय काम नाय, ता मी कधी दाबत नाय." मग मी परदेशातल्या त्या राखणदाराचं म्हणणं त्यांना सांगितलं, की बटणाचा अर्थ कंपनीनं ठरवलेला असतो, तो घरच्यानं बदलायचं कारण काय. त्यांनी मान हलवली आणि म्हणाल्या, "त्या कंपनीवाल्याला काय म्हायती आमी काय बघताव? बटन त्याचा आसंल, बोट माझा हाय."

हे वाक्य मी शिरपामाळावर जाऊन आसमाला सांगितलं. तिनं ते इंग्रजी करून सत्याहत्तर तक्त्यांच्या वर लिहिलं आणि राखणदाराकडे पाठवून दिलं. पुढचे दोन दिवस मी दुकानात एका गिऱ्हाइकाचा मिक्सर उलटा जोडला, तो दळायच्या ऐवजी नुसता गरम व्हायचा.

आणि अतहरभाई, परवाच्या रविवारी फोन आला. घेतलं! दारासकट घेतलं! राखणदारांनी उत्तरात लिहिलं की माझी समजूत चुकीची होती, हे दार असायला हवं. आसमा ‘अब्बा’ म्हणाली आणि रडायला लागली, मी शिरपामाळावर उभा राहून रडलो, आणि शेजारी फोटो काढत असलेल्या नाशिकच्या एका कुटुंबाला मी सगळं पहिल्यापासून सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं, चांगली माणसं होती. आता जगात जिथे जिथे हे नवं लिनक्स जाईल तिथे आपल्या आसमाची ओळ जाणार. तिच्या टिपणात जव्हार लिहिलं आहे, मोखाडा लिहिलं आहे, वांगणी लिहिलं आहे. ज्याला तुम्ही भंगार म्हणालात ते त्या बुजुर्गांनी दाखला म्हणून मान्य केलं. मी हे टोचून बोलत नाही. (थोडं बोलतो आहे. आठ वर्षं थांबलो आहे.) मला अभिमान वाटतो, इतका की दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो आणि मग त्याची वस्तू दुरुस्त करायची राहते.

भाभींना सांगा की आसमा त्यांची आठवण काढत होती. साखरेची काळजी घ्या, पायी फिरत जा. पत्रातलं अधिकउणं मोठ्या मनानं पोटात घाला, पोट मोठं असल्याचं कळलं आहेच.

तुमचा मेहुणा,
अन्वर

ता. क. एक काम होतं. वहीत नंबर एकपुढे इतकी वर्षं ‘घरचा, सध्या ठाण्यात’ असं लिहिलेलं आहे. तो रिमोट तुमच्याकडे असेल तर हवा आहे. पोस्टानं पाठवू नका, फुटतो. अठ्ठावीस तारखेला बकरीद आहे, तेव्हा स्वतः घेऊन या. जव्हारची एसटी अजून तिथूनच सुटते.

ता. क. दुसरं. खोटं लिहून पत्र पाकिटात घालवेना, म्हणून हेही लिहितो. त्या कामात ‘तपासलं’ म्हणून एका माणसाचं नाव लिहायची रीत आहे, आणि ज्यानं खरोखर तपासलं त्याचंच लिहायचं असा त्यांचा कडक नियम आहे. आसमानं मला विचारलं, अब्बा, खरं सांगा, बटणं कुणी दाबली? वर मी जिथे जिथे ‘आम्ही’ लिहिलं आहे तिथे तिथे शकिला वाचा. मला जवळचं दिसत नाही हे सुरुवातीलाच सांगितलं आहे. सत्याहत्तर रिमोट, हजारावर बटणं, गुडघे दुखत असताना जमिनीवर बसून तिनं दाबली आणि लिहिली. मी वाचून दाखवायला माळावर जात होतो. तेव्हा जगभर जी ओळ गेली आहे तिच्यात नाव माझं नाही. शकिला लिहिलं आहे. तुमच्या बहिणीचं नाव, भाई, आणि तेही भंगारात बसून मिळवलेलं.

ता. क. शेवटचं. घरच्या टीव्हीला तिनं आठ वर्षांत दुसरा रिमोट लावू दिला नाही. बाजूलाच दुकानभर रिमोट पडलेले असताना दर वेळी उठून टीव्हीवरची बटणं दाबते. मी लोकांना सांगतो की डॉक्टरांनी गुडघ्यांना व्यायाम सांगितला आहे. काल ती लॅपटॉप घेऊन बसली होती, मला वाटलं काही बिघडवते आहे. नंबर एकमध्ये जे बोर्ड आहे त्याच जातीचं दाभोशाच्या एका रिमोटात आहे, त्यावरून आकडे घेऊन तिनं आसमानं केलेल्या त्या दारातून स्वतः एक तक्ता बदलला. विचारलं तर आधी तक्ता पुरा केला. मग म्हणाली, लिहा त्यांना, भाईजान येतील तेव्हा जे छापलंय तेच दाबा म्हणावं. आवाजाच्या बटणानं आवाजच वाढेल.